ग्योझ

बाबांचं बोलणं गेलं मार्चमध्ये,
जर्दाळू फुलायच्या चार दिवस आधी.
मालात्याच्या इस्पितळात डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
गुठळी नेमकी शब्दांच्या कोठारात शिरली.
सगळं गेलं. एक राहिला:
ग्योझ.
म्हणजे डोळा.

थोरली म्युबेर्रा नेत्रविभागात नर्स.
तिने तिथेच टॉर्च काढला, पापणी उलटली,
थेंब घातले, मोतीबिंदूची तारीखही घेऊन आली.
बाबा मान हलवत राहिले.
हो कुठलं, नाही कुठलं, ते मानेलाही आठवत नव्हतं.
ग्योझ. ग्योझ.

आमच्या भाषेत डोळा काही एकट्या चेहऱ्याचा नाही.
टेबलाच्या खणाला ग्योझ,
घराच्या खणालाही ग्योझ.
आम्ही दारेंदेत दोन डोळ्यांच्या घरात वाढलो,
एका डोळ्यात चूल,
एका डोळ्यात सहा माणसं.

रिफ्की सुतार. त्याने बाबांच्या टेबलाचे तिन्ही खण उपसले:
कुलपं हरवलेल्या चाव्या,
बुडालेल्या बँकेचं पासबुक,
आईच्या उसवलेल्या स्वेटरचा गुंडा,
आणि खालच्या खणाच्या तळाशी
खिळ्याने कोरलेलं एक नाव, र उलटा.
त्याचंच. वय वर्षं सहा.
तो फरशीवर बसून राहिला,
काय शोधत होतो ते विसरून.

हाजेर आत्याने कुणाला विचारलं नाही.
बाबांच्या डोक्यावर चादर धरायला लावली,
वर पातेल्यातल्या थंड पाण्यात वितळलेलं शिसं ओतलं.
चर्र झालं. शिशाला काटे फुटले.
"बघा," म्हणाली, "केवढी लागलीय."
काय लागलीय, ते सांगायची गरजच नव्हती.

रस्तेखात्यातून निवृत्त झालेले हालिस काका
भेटायला आले, साखर घेऊन.
त्यांच्या मते हा तोहमावरच्या जुन्या पुलाचा विषय:
पाच ग्योझ त्याला, पाच कमानी,
मधली गाळाने मिटत चालली आहे,
"ताहसीनला त्याचीच काळजी, मी अर्ज करतो."
केलाही.

मी बाजारात जर्दाळू तोलते.
माझ्या लेखी ग्योझ म्हणजे तागडीचं पारडं.
रात्री पडल्यापडल्या मी तोलत असे,
इकडे मी त्यांच्यासाठी केलेलं,
तिकडे राहून गेलेलं.
काटा कुठे झुकायचा ते लिहीत नाही.

ऑगस्टमध्ये शेजारचा वक्कास कलमं बांधायला आला.
जन्मभर बाबांनीच बांधली होती त्याची.
खुर्ची बागेत नेली. वक्कासने फांदी पुढे केली.
डावा हात, चालणारा, हळूहळू वर आला.
पहिल्या डोळ्यावरून गेला, दुसऱ्यावरून गेला,
तिसऱ्यावर थांबला.
ग्योझ.
"हा?"
ग्योझ!
एवढ्या रागावून, की वक्कास हसला.
साल चिरली, डोळा भरला, वर पट्टी आवळली.
ऑगस्टच्या या कलमाला आम्ही निजलेला डोळा म्हणतो.
हिवाळाभर तो उघडत नाही.

मला वाटलं, सापडलं.
संध्याकाळी पाणी हवं होतं, तेव्हा म्हणाले, ग्योझ.
उशी हवी होती, ग्योझ.
खिडकीतून उंदीर गेला, ग्योझ.

मग त्यांचे पाय चोळताना
मला लहानपणीची हाक आठवली.
ग्योझ्युम, म्हणायचे. माझ्या डोळ्या.
माळ्यावर लपले असले तरी उतरून यायचे मी.
आमच्याकडे 'माझं' शब्दाच्या शेवटाला चिकटतं,
एवढासा म.
तेवढाच गळला असेल का मार्चमध्ये?

"ग्योझ," बाबा म्हणाले, माझ्याकडे बघून,
की माझ्यामागच्या दिव्याकडे.
"म," मी म्हटलं.
त्यांनी ओठ मिटले,
मिटलेलेच ठेवले बराच वेळ.
आवाज काही आला नाही.

बाहेर बर्फ पडायला लागलंय.
झाडावर पट्टी तशीच आहे.
एप्रिलपर्यंत कुणी सोडायची नाही.